वाचकांचे प्रश्न : सिस्टर, तुम्ही अजून याच कामात कशा?

मागच्या अंकात आम्ही नर्सिंगबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं, वाटलं घरी पेशंट कसा सांभाळायचा, इंजेक्शनची भीती कशी घालवायची असलं काही येईल. आलं भलतंच. बहुतेक पत्रांत फिरून फिरून एकच, की माणसं या कामात येतात का आणि आली तर एवढ्या कटकटीत राहतात का. उत्तरं देणाऱ्या सिस्टरांची सगळी नोकरी आधी वॉर्ड, मग आयसीयू आणि शेवटी इन्चार्ज म्हणून गेलीय, त्यांनी जसं लिहून दिलं तसंच छापतोय.

प्रश्न : ताई, मला नर्सिंगला अ‍ॅडमिशन घ्यायचीय. इंटरव्ह्यूला ‘तुला नर्स का व्हायचंय’ विचारतात आणि सगळे म्हणतायत की लोकांची सेवा करायचीय असं सांग. खरं कारण असं की माझी मावशी नर्स आहे, तिला नोकरीसाठी कधी वणवण करावी लागली नाही, आणि मला दिवसभर खुर्चीत बसायचं काम नकोय. डॉक्टर व्हायला मार्क कमी पडले हेही आहेच. हे फार स्वार्थी आहे का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : अगं स्वार्थी कसलं, चांगली ठणठणीत कारणं आहेत ही. आमच्या बॅचमध्ये कुणाच्या घरी आधीच कुणीतरी नर्स होतं, कुणाचे वडील ती लहान असताना महिनोन्महिने अ‍ॅडमिट होते आणि तिने अर्धा अभ्यास हॉस्पिटलच्या बाकावर केलेला, कुणाला लवकर कमवायला लागायचं होतं, आणि एकीला तर फक्त होस्टेलवर राहायला मिळणार याचाच आनंद होता. यातली पुढे कोण उत्तम नर्स झाली आणि कोण दोन वर्षांत कंटाळली याचा त्या कारणांशी मला आजवर काही मेळ लावता आलेला नाही. होस्टेलवाली आयसीयूची इन्चार्ज झाली, एवढं सांगते.

सेवाभावाचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणून फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव घेतात, तर तिचंच बघ. सोळाव्या वर्षी, १८३७ मध्ये, आपल्याला देवाचं बोलावणं आलं असं तिने लिहून ठेवलंय. पण तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात ती अडतीस नर्सा घेऊन पोचली १८५४ साली. मधला सगळा काळ घरच्यांचा विरोध सोसण्यात, इस्पितळांचे अहवाल वाचण्यात आणि १८५१ मध्ये जर्मनीत कैसर्सवर्थला जाऊन शिकण्यात गेला. स्कुटारीहून परत आल्यावर तिने काय केलं तर आकडे मांडले, सैनिक जखमांपेक्षा रोगराईने जास्त मेले हे आकृत्या काढून सरकारच्या गळी उतरवलं, १८५८ मध्ये लंडनच्या सांख्यिकी सोसायटीची पहिली स्त्री सभासद झाली आणि १८६० मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलात नर्सांची शाळा सुरू केली. म्हणजे बोलावणं आलं ते आलं, पण पुढचं काम झालं ते हट्टाने आणि गणिताने. आपल्या डोक्यात मात्र तेवढा तिच्या हातातला दिवाच बसलाय.

तेव्हा इंटरव्ह्यूत खरं सांग. मावशीला जवळून बघितलंय, माणसांमध्ये उभं राहून करायचं काम हवंय, नोकरीची खात्री हवीय. समोरची बाई अनुभवी असेल तर तिला हे पाठ केलेल्या वाक्यापेक्षा जास्त आवडेल.

फक्त मार्कांचं काय ते आत्ताच मिटव. नर्सिंग म्हणजे डॉक्टरकी हुकली म्हणून घेतलेली दुसऱ्या नंबरची गोष्ट असं डोक्यात ठेवून आलीस तर दर राउंडला जीव जळेल. डॉक्टर येतात, बघतात, ठरवतात, पुढच्या पेशंटकडे जातात, त्यांचं काम ते. त्यानंतरचे सगळे तास त्या माणसाजवळ नर्स असते, दुखतंय किती, लघवी झाली का, औषध लागू पडतंय का, रात्री घाबरला तर कोण, हे सगळं तिच्याकडे. काम वेगळं आहे. आणि स्वतःला एक विचारून बघ, एखादं कंटाळवाणं काम दर तासाला, कुणी बघत नसताना, तितकंच बरोबर करता येतं का? रक्त बघून चक्कर येणं पहिल्या काही महिन्यांत जातं. नोंदी न बघता ‘नॉर्मल’ लिहून टाकायची सवय लागली तर ती जात नाही.

प्रश्न : सिस्टर, मी सर्जिकल वॉर्डला बरीच वर्षं आहे. सोबतच्या जवळजवळ सगळ्या गेल्या, कुणी शिकवायला, कुणी परदेशात, कुणी इन्शुरन्सच्या ऑफिसात. लोक विचारतात तू का नाही गेलीस, मला उत्तरच सुचत नाही. पगार काही फार नाही, कंबर गेलीय, घरात काही कार्य असलं की मी नेमकी ड्युटीवर. तरी सोडावंसं वाटत नाही. ही नुसती सवय आहे का हो? (एक स्टाफ नर्स)

उत्तर : तुझ्या पत्रातच अर्धं उत्तर आहे बघ. तू जे मोजून दाखवलंस, पगार, कंबर, ड्युट्या, ती सगळी जायची कारणं आहेत, राहायची एकही नाही. फ्रेडरिक हर्झबर्ग नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये याच्यावर लिहिलं, त्याने अभ्यास केला होता इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांचा, पण वॉर्डला चपखल बसतो. त्याचं म्हणणं की माणूस कामावर नाराज होतो ती कारणं एका बाजूची, पगार, वरिष्ठ, नियम, कामाची जागा अशी, आणि कामात रमतो ती दुसऱ्याच बाजूची, म्हणजे खुद्द काम, जमल्याचं समाधान, जबाबदारी, पुढे शिकत जाणं. एक बाजू भरली म्हणून दुसरी रिकामी होत नाही. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच शिफ्टमध्ये, ड्युट्यांचं रोस्टर बघून डोकं फिरणं आणि पेशंटजवळ गेल्यावर बरं वाटणं दोन्ही होतं, आणि यात विसंगत काही नाही.

आता रमतो म्हणजे कशात. आपल्या लोकांना हे बोलायला जमत नाही कारण बाहेरच्यांना दोनच गोष्टी ऐकायच्या असतात, एकतर त्याग नाहीतर हाल. मला विचारशील तर माणूस टिकतो तो हाताला आणि डोळ्याला आलेल्या कसबामुळे, आणि ते यायला वेळ लागतो म्हणून सुरुवातीला गेलेल्यांना ते भेटतच नाही. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्या, अगदी नवखी इथपासून ते तज्ज्ञ इथपर्यंत. नवखी नियम धरून चालते, बीपी इतकं तर हे कर, तितकं तर ते. तज्ज्ञ नर्सला दारातून बघूनच काहीतरी बिनसलंय हे कळतं, आणि का कळलं ते नंतर विचार करून सांगावं लागतं.

तुला हे ऑपरेशननंतरच्या पेशंटचं माहितीच असेल. चार्टवर सगळं बरं दिसतंय, पण सकाळी गप्पा मारणारा माणूस आता एका शब्दात उत्तर देतोय, चादर चाळवतोय, श्वास जरासा भरभर चाललाय, युरिन बॅगेतली रेघ मघापासून हलली नाही. तू फोन करतेस, पलीकडून ज्युनिअर डॉक्टर म्हणतो बीपी तर ठीक आहे ना, तू म्हणतेस ठीक आहे पण तुम्ही या. तो येतो, आणि मग पुढचा तासभर सगळी धावपळ. पेशंटला यातलं काही आठवणार नाही, नातेवाइकांना कळणारही नाही की ते थोडक्यात वाचले, पण तुला माहितीय की तू तिथे होतीस म्हणून हे वेळेत झालं. यात थोडी ‘बघा, मी म्हटलं होतं ना’ची मजाही असते, का खोटं बोला. ही गोष्ट एकदा हाती लागली की ऑफिसात बसून फॉर्म तपासताना माणसाला काहीतरी हरवल्यासारखं होतं, आणि तिथे गेलेल्या तुझ्या मैत्रिणींपैकी एखादीला खासगीत विचारून बघ.

आभाराचं म्हणशील तर त्याच्यावर कुणी टिकत नाही. बरा झालेला माणूस घाईत असतो, त्याला घरी जायचं असतं, नाव विसरतो आणि विसरलंच पाहिजे, हॉस्पिटल काय लक्षात ठेवायची जागा आहे का. मानाचंही तसंच. अमेरिकेत गॅलप ही संस्था दरवर्षी विचारते की कुठल्या व्यवसायातली माणसं सगळ्यात प्रामाणिक वाटतात, १९९९ मध्ये नर्सांचं नाव त्या यादीत घातलं तेव्हापासून त्या पहिल्या, अपवाद फक्त २००१ चा, त्या वर्षी अग्निशामक दलवाले पुढे होते. छान वाटतं वाचून. पण मान मिळाला म्हणून रात्रपाळीला एक माणूस जास्त मिळतं असं कुठे होत नाही.

दुसरं म्हणजे सोबतची माणसं. तू लिहिलं नाहीस पण मी पैज लावते की तुझ्या वॉर्डात निदान एक तरी अशी आहे जिच्याबरोबर नाइट लागली की तुला हायसं वाटतं. तिला सांगावं लागत नाही, तू एका बेडपाशी अडकलीस की तुझी दोन वाजताची औषधं तिने सुरू केलेली असतात. मी कितीतरी जणी बघितल्यात ज्यांनी ट्रान्सफर फक्त या एका कारणासाठी नाकारली, आणि अशाही बघितल्यात की ती एक मैत्रीण गेली आणि सहा महिन्यांत ह्यांनीही राजीनामा टाकला, वर कारण लिहिलं ‘घरगुती’.

आता सवय की अजून काही. क्रिस्टिना मॅस्लॅक यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजायची प्रश्नावली काढली, त्यात तीन गोष्टी बघतात, मन पूर्ण रिकामं होणं, समोरच्या माणसाशी वस्तूसारखं वागायला लागणं, आणि आपल्या हातून काही चांगलं होतंय असं न वाटणं. पेशंटचं नाव न घेता ‘चार नंबरचं गॉलब्लॅडर’ असं आपण सगळ्याच म्हणतो, त्याने काही बिघडत नाही. पण चार नंबरने बेल दाबली आणि तुला नुसता राग आला, आणि असं रोजच व्हायला लागलं, वाईट झालेलं ड्रेसिंग बघूनही काही वाटेनासं झालं, तर मग ती सवय समज आणि निदान वॉर्ड तरी बदल. वॉर्ड बदलणं म्हणजे नर्सिंग सोडणं नव्हे, पुष्कळदा कंटाळा आलेला असतो त्या वॉर्डचा आणि आपण सगळा व्यवसायच सोडायला निघतो.

एक मात्र थकव्यात धरू नको. कधीकधी घरी आल्यावर जे टोचतं ते वेगळंच असतं, म्हणजे काय करायला हवं होतं हे पक्कं माहिती होतं आणि करता आलं नाही, कारण हातात पेशंटच जास्त होते. त्या म्हाताऱ्या बाईला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं होतं आणि दुपारभर कुणी फिरकलं नाही. १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन या तत्त्वज्ञाने नर्सिंगमधल्या नीतीवर लिहिताना या त्रासाला वेगळं काढलं, की बरोबर काय ते ठाऊक असून यंत्रणा ते करू देत नाही. माझा अनुभव असा की कामचुकार नर्सला हा त्रास होत नाही, चांगलीला होतो, आणि म्हणून आधी चांगली जाते. झोप काढून हा त्रास जात नाही, तो जायचा तर वॉर्डात माणसं वाढावी लागतात.

प्रश्न : मी मुलगा आहे आणि नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पेशंट मला सरळ ‘डॉक्टर’ म्हणतात, वॉर्डात जड पेशंट उचलायला सगळे मलाच हाक मारतात. माझ्यासारखे टिकतात का? (एक विद्यार्थी)

उत्तर : टिकतात की. २०२५ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाप्रमाणे जगभरच्या नर्सांत ८५ टक्के बायका आहेत, म्हणजे उरलेले तुम्ही लोकही काही मूठभर नाही. ‘डॉक्टर’ म्हटलं की लगेच सांगायचं, मी नर्स आहे, आणि न लाजता, कारण तू गप्प बसलास की तुझ्या शेजारच्या मुलीचीही किंमत कमी करतोस. उचलायचं म्हणशील तर ते चूकच आहे, पेशंट हलवायला स्लाइड शीट म्हणजे सरकवायची चादर आणि होइस्ट म्हणजे उचलायचं यंत्र असतं, ते मागायचे, दोघांनी मिळून हलवायचं. कंबर तुलाही एकच आहे.

प्रश्न : माझी आई नर्स आहे. ड्युटीवरून आली की तासभर कुणाशी बोलत नाही, नाइट असली की दिवसभर घरात आवाज करायचा नाही. मला कधीकधी वाटतं की तिला आमच्यापेक्षा पेशंट जास्त आवडतात. ती हे सोडत का नाही? (एक मुलगी)

उत्तर : बाळा, तसं नाहीये ते. बारा तास ती सतत कुणाच्या ना कुणाच्या हाकेला ओ देत असते, तेव्हा घरी आल्यावर पहिल्यांदा कुणी हाक न मारण्याची तिला गरज असते, एवढंच. शिवाय दिवसभरातलं बरंचसं ती सांगूही शकत नाही, पेशंटची गोष्ट बाहेर बोलायची नसते. नाइटच्या झोपेचं मात्र तू खरंच मनावर घे. रात्रपाळीने शरीराचं घड्याळ उलटंपालटं होतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये अशा कामाला बहुधा कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींत धरलंय, त्यामुळे खोलीत अंधार आणि फोन बंद हे तिचे लाड समजू नको. ती का सोडत नाही ते तिलाच विचार, पण सुट्टीच्या दिवशी विचार, आणि ‘सोडत का नाहीस’ असं म्हणून नको. ‘आज काय चांगलं झालं’ असं विचार. पहिल्यांदा ती म्हणेल काही नाही. दुसऱ्यांदा बोलेल.

प्रश्न : मी एका हॉस्पिटलची मेट्रन, म्हणजे तिथल्या नर्सांची प्रमुख आहे. नव्या मुली घेतो, शिकवतो, वर्षभरात निघून जातात. आजकालच्या मुलींत सेवाभाव उरला नाही असं माझं मत झालंय. जॉइनिंगला बोनस द्यावा का, बेस्ट नर्स असा काही पुरस्कार ठेवावा का? (एक मेट्रन)

उत्तर : मॅडम, रागावू नका, पण आमच्या वेळच्या मेट्रनही आमच्याबद्दल हेच म्हणायच्या. मार्लिन क्रेमर यांचं नव्या नर्सांच्या धक्क्याबद्दलचं पुस्तक १९७४ चं आहे. कॉलेजात शिकवलेलं असतं की एकेका पेशंटला नीट वेळ द्या, वॉर्डात आल्यावर कळतं की वेळेत उरकणारी ती हुशार, आणि मधल्या मध्ये ती पोरगी ठरवते की एकतर मी निकामी आहे नाहीतर ही जागा. त्यातच एखादी सीनिअर असते जिला वाटतं आम्ही सोसलं तर ह्यांनीही सोसावं, ड्युटी बदलताना हँडओव्हरला सगळ्यांदेखत झापते. ती सीनिअर तुम्हाला माहिती आहे, तिचं काम चोख आहे म्हणून तुम्ही तिला काही बोलत नाही. तिच्यामुळे किती गेल्या ते एकदा मोजा.

सेवाभाव कमी झाला म्हणून माणसं जातात हे मान्य केलं तर दुसरं एक समजावता येत नाही, की एकाच गावात एका हॉस्पिटलात नर्स टिकतात आणि शेजारच्यात टिकत नाहीत ते का. अमेरिकेत नर्सांची टंचाई होती तेव्हा तिथल्या नर्सिंग अकॅडमीने नेमका हाच प्रश्न घेतला आणि १९८३ मध्ये उत्तर छापलं. १६३ हॉस्पिटलं बघितली, त्यांतली ४१ अशी निघाली की तिथे नर्स येतही होत्या आणि राहतही होत्या. तिथे काय होतं तर पुरेशी माणसं, नर्सिंगच्या प्रमुखाला वरच्या बैठकीत खरी किंमत, नर्सला आपल्या पेशंटबद्दल स्वतः ठरवायची मुभा, पुढे शिकायची सोय आणि ड्युट्यांत थोडी लवचीकता. यातलं अमुक एक करा म्हणजे झालं असं नाही, पण बोनसने यातली एकही गोष्ट येत नाही. बोनस घेऊन मुलगी येईल, अट संपेल त्या महिन्यात जाईल.

माणसं कमी असण्याचं तर आकड्यात सांगते म्हणजे तुम्हाला वर मांडता येईल. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ हॉस्पिटलांवर अभ्यास छापला, एका नर्सवर एकेक पेशंट वाढत गेला की ऑपरेशन झालेल्यांचा तीस दिवसांत मृत्यू व्हायची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली आणि नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी. म्हणजे ज्या गोष्टीने पेशंट दगावतो त्याच गोष्टीने नर्स जाते. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून २००४ पासून एका नर्समागे जास्तीत जास्त किती पेशंट ते ठरवूनच टाकलं, आयसीयूत दोन, साध्या वॉर्डात आता पाच. तुम्हाला कायदा करता येणार नाही, पण मॅनेजमेंटसमोर ‘मुलींत सेवाभाव नाही’ असं म्हणालात की ते खूश होतील, कारण सेवाभावाला पगार द्यावा लागत नाही. आकडा ठेवलात तर निदान उत्तर द्यावं लागेल.

आणि जाणाऱ्या मुलीला शेवटच्या दिवशी का चाललीस विचारून उपयोग नाही, तिला सर्टिफिकेट हवं असतं, ती गोडच बोलणार. ज्या राहिल्यात त्यांना तिसऱ्या महिन्यात बोलवा आणि विचारा, काय बदललं तर तू पुढच्या वर्षी इथे असशील. नव्या मुलीला पहिल्या काही महिन्यांत एकटीला नाइट लावू नका, एक ठरावीक सीनिअर तिच्याबरोबर द्या आणि त्या सीनिअरचे पेशंट तेवढ्यापुरते कमी करा, नाहीतर ती शिकवणार कधी. पुरस्काराला माझी हरकत नाही, ठेवा हवा तर. पण आधी रोस्टर महिनाभर अगोदर लावा, आणि एकदा लावलं की आदल्या रात्री फोन करून बदलू नका.